सातबारा गेला अमेरिकेला

६ फेब्रुवारी २०२५. रात्रीचे नऊ वाजले होते. तूर काढून झाली होती, कुटार झाकायला ताडपत्री पुरत नव्हती, आणि शेजाऱ्याची मागावी की नाही या विचारात मी ओट्यावर बसलो होतो. तेवढ्यात ताईचा फोन आला. तिच्याकडे तेव्हा सकाळचे साडेदहा. ही काही तिच्या फोनची वेळ नव्हे, त्यामुळे उचलतानाच पोटात गोळा आला.

"घाबरू नको. आई पडली. उजवं मनगट मोडलं."

आई-बाबा सप्टेंबरपासून ताईकडे होते, न्यू जर्सीत, एडिसनला. १२ सप्टेंबरला महालक्ष्म्या उठवल्या आणि दुसऱ्या दिवशी नागपूरहून विमान धरलं. त्याआधी निघायला आईने साफ नकार दिला होता. फेब्रुवारीतल्या त्या सकाळी ती नातीला शाळेच्या बसपर्यंत सोडायला गेली. रात्री फुटपाथवर पाणी गोठलं होतं. काचेचा पातळ पापुद्रा, दिसतही नाही. श्रावणातल्या चिखलात, धुऱ्यावरून डोक्यावर गवताचा भारा घेऊन चाळीस वर्षं चाललेली बाई कधी घसरली नाही, ती तिकडे धुतल्यासारख्या रस्त्यावर रिकाम्या हाताने पडली. याचंच तिला जास्त वाईट वाटत होतं. "हातात काई असतं तं समजलं असतं," असं ती मला नंतर चार वेळा म्हणाली.

दोन दिवसांनी ऑपरेशन झालं. हाडाला धातूची पट्टी, स्क्रू. डॉक्टरांनी सांगितलं की मेच्या सुरुवातीपर्यंत फिजिओथेरपी लागेल आणि तोपर्यंत एवढा लांबचा प्रवास नको. परतीचं तिकीट ५ मार्चचं होतं.

आता गावातली गोष्ट सांगतो. आमचं गाव आर्वी तालुक्यात, वर्धा जिल्हा. आई पडली त्याच्या आदल्या दिवशी, ५ फेब्रुवारीला, अमेरिकेच्या लष्करी विमानातून १०४ भारतीय अमृतसरला आणून उतरवले होते. हातापायांत बेड्या घातलेल्या माणसांच्या बातम्या सगळ्या चॅनेलवर चालू होत्या. मी कटिंगला गेलो तर दुकानात तोच विषय. "गुरुजीचे कागद बराबर हायेत ना रे?" एकाने विचारलं. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं, त्यामुळे काळजी खरी होती. दुसरा म्हणाला, "दहा वर्साचा इजा हाये त्यायचा. दहा वर्स राहू शकते. काऊन घाबरून राहिला?"

हा गैरसमज फक्त आमच्या कटिंगच्या दुकानातला नाही. मलाही ताईने समजावेपर्यंत तसंच वाटत होतं. पासपोर्टवर चिकटवलेला बी-२, म्हणजे पाहुण्यांचा व्हिसा दहा वर्षांचा असतो हे खरं, पण तो फक्त दारापर्यंत जायचा. आत किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, आणि ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते. व्हिसा म्हणजे एसटीचा पास म्हणा, आणि आय-९४ म्हणजे त्या फेरीचं कंडक्टरने फाडलेलं तिकीट. बहुतेकांना सहा महिने मिळतात. कागद हातात देत नाहीत. वेबसाइटवर पासपोर्टचा नंबर टाकून पाहावा लागतो. आई-बाबा १४ सप्टेंबरला उतरले होते. दोघांच्याही आय-९४ वर तारीख होती १३ मार्च २०२५.

१३ मार्चला होळी होती. कॅलेंडर पाहून पहिल्यांदा तेच लक्षात आलं.

ती तारीख ओलांडून एक दिवस जरी राहिलं, तरी तो दहा वर्षांचा व्हिसा आपोआप रद्द होतो. १८० दिवसांच्या वर बेकायदा राहून मग निघालं, तर तीन वर्षं परत येण्यावर बंदी. वर्ष झालं तर दहा वर्षं. बाबांना ताईने हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग मी एकटा जातो पाच तारखेला, हिला राहू दे." आईने पलंगावरूनच उत्तर दिलं की मग मीही तशीच येते, हात गळ्यात बांधून. दोघंही गेली नाहीत.

उपाय होता. मुक्काम वाढवून मागण्याचा अर्ज असतो, त्याचं नाव आय-५३९. आय-९४ ची तारीख संपायच्या आत तो अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे पोचला पाहिजे, ही मुख्य अट. शक्यतो निदान ४५ दिवस आधी द्या, असा त्या खात्याचा सल्ला आहे. आमचे ४५ दिवस २७ जानेवारीलाच संपले होते, म्हणजे आई पडायच्या दहा दिवस आधी. पण तो सल्ला आहे, अट नाही. एका वकिलाची फी ऐकून ताईने फोन ठेवला आणि अर्ज स्वतःच ऑनलाइन भरायला घेतला. ऑनलाइन भरला तर ४२० डॉलर, कागदावर भरून पाठवला तर ४७०. नवरा-बायको एकाच अर्जात येतात आणि फी एकदाच लागते. बोटांचे ठसे द्यायला जाण्याची वेगळी फी पूर्वी होती, ती ऑक्टोबर २०२३ पासून बंद आहे.

अर्ज कोणाच्या नावाने करायचा यावर एक गंमत झाली. दुखणं आईचं, म्हणून मुख्य अर्जदार आई आणि सोबतचा माणूस म्हणून बाबा, असं ताईने ठरवलं. रेशन कार्डावर, घरटॅक्सच्या पावतीवर, बँकेच्या पासबुकावर, लग्नपत्रिकांच्या पाकिटांवर आमच्या घरी आजवर आधी गुरुजी, मग आई. इथे पहिल्यांदा आईचं नाव वर आलं. तिच्या नावाने ई-मेल उघडला. बाबा गंभीरपणे म्हणाले, "म्हणजे मी हिच्यावर अवलंबून." आई म्हणाली, "आज समजलं का?"

आणि इथून माझं काम सुरू झालं.

मुक्काम वाढवून मागणाऱ्याला तीन गोष्टी पटवून द्याव्या लागतात. का राहायचं आहे, राहण्याचा खर्च कोण करणार, आणि तुम्ही परत जाणार हे कशावरून. पहिल्याचं उत्तर डॉक्टरांच्या चिठ्ठीत होतं. दुसऱ्याचं भाटव्यांनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने दिलं: त्यांच्या पगाराच्या स्लिपा, बँकेचं पत्र, सांभाळण्याची हमी देणारा आय-१३४ फॉर्म. विम्याची मुदतही त्यांनी संपायच्या आधीच वाढवून घेतली, तीच पॉलिसी. नवीन घेतली असती तर मनगट 'आधीपासूनचं दुखणं' ठरलं असतं आणि विमा कंपनीने हात वर केले असते. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र एडिसनमध्ये नव्हतं. ते आमच्या गावात, कपाटातल्या पत्र्याच्या पेटीत होतं.

ताई म्हणाली, "बाबांचं सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट पाठव. दर महिन्याला पेन्शन जमा होते ते दिसलं की बरं."

बाबांचं सिम इथेच, माझ्याकडे, एका जुन्या बटणांच्या फोनमध्ये ठेवलेलं होतं. ताई तिकडून बँकेच्या साइटवर जायची, ओटीपी इकडे यायचा, आणि तो वाचून दाखवायला मला ओट्याच्या डाव्या टोकाला, तुळशीजवळ उभं राहावं लागायचं, कारण रेंज तिथेच येते. पहिले दोन ओटीपी मी सांगेपर्यंत मेले. तिसरा लागला. स्टेटमेंट उघडलं आणि ताई गप्प झाली.

"डिसेंबरपासून पेन्शनच नाही."

मग दोघांनाही एकदमच आठवलं. हयातीचा दाखला! माणूस जिवंत आहे हे पेन्शनरने दर नोव्हेंबरात कळवायचं असतं. नाही कळवलं तर पेन्शन थांबते. दाखला दिला की मागच्या थकबाकीसकट सुरू होते. हल्ली चेहरा दाखवून घरबसल्या दाखला देता येतो, त्याचं ॲप आहे. नोव्हेंबरात बाबांनी ताईच्या फोनसमोर बसून सांगितलं तेव्हा सांगितलं तसे डोळे मिचकावले होते. दोनदा नापास झाले. आयुष्यभर दुसऱ्यांना नापास करणारा माणूस. तिसऱ्यांदा बसायला तयार होईना. "मार्चमध्ये जातोच आहे, बँकेत उभा राहून दाखवीन," म्हणाले आणि विषय संपला. मी इकडे कापसाच्या वेचणीत. सीतादहीची पूजा झाली, वेचायला बाया मिळेनात, पेन्शनकडे कोणाचं लक्ष?

तर परिस्थिती अशी: पेन्शन येते हे दाखवायला काढलेलं स्टेटमेंट ती येत नाही हे दाखवत होतं. ताईला वाटलं, हा कागद जोडूच नये. त्यावर बाबांनी जे म्हटलं ते मी विसरणार नाही. म्हणाले, "जोड. यापेक्षा मोठा पुरावा कोणता? मी परत गेल्याशिवाय सरकार मला जिवंत मानत नाही."

आणि अर्जासोबतच्या पत्रात त्यांनी हा परिच्छेद खरंच घातला. पेन्शन कशी असते, हयातीचा दाखला म्हणजे काय, तो राहून गेल्याने पेन्शन डिसेंबरपासून थांबली आहे आणि आपण स्वतः जाऊन बँकेत दाखला दिल्यावर ती सुरू होईल, म्हणून आपल्याला परत जाणं भाग आहे. ताईने तो वाचून 'ठीक आहे' म्हटलं. मला विचाराल तर त्या गठ्ठ्यातलं सगळ्यात पटणारं वाक्य तेच होतं.

दुसरा कागद सातबारा. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन १५ रुपयांत निघतो, तलाठ्याकडे जावं लागत नाही. मी तो आणि जमिनीच्या खात्याचा आठ-अ काढून पाठवला. ताईने लगेच फोन केला, "इंग्रजीत हवा." अमेरिकेच्या त्या खात्याला परक्या भाषेतला कागद दिला की सोबत पूर्ण इंग्रजी भाषांतर द्यावं लागतं, आणि भाषांतर करणाऱ्याने लिहून द्यायचं की मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर पूर्ण व बरोबर आहे. नोटरी वगैरे लागत नाही.

मी आधी मोबाइललाच भाषांतर करायला लावलं. त्याने 'पोटखराबा'चं 'बॅड स्टमक' केलं. हाड मोडलेल्या बाईच्या अर्जात नवऱ्याच्या शेताचं पोट बिघडलेलं. मी तो स्क्रीनशॉट ताईला पाठवला. आईला वाचून दाखवल्यावर ती म्हणे इतकी हसली की हात दुखला.

शेवटी आर्वीला कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवणारा माझा वर्गमित्र आहे, त्याच्याकडे गेलो. रविवारची सकाळ. त्याच्या बायकोने पोह्यावर तर्री घालून दिली आणि आम्ही दोघं सातबारा मध्ये ठेवून बसलो. मी तो कागद जन्मभर पाहिला आहे. पीककर्जाला, विम्याला, अनुदानाला त्याच्या किती झेरॉक्स दिल्या त्याला हिशेब नाही, पण ओळ न् ओळ वाचायची वेळ कधी आली नव्हती. पोटखराबा म्हणजे लागवडीला न येणारा तुकडा, आमच्याकडे नाल्याच्या काठचा चार आर. 'भोगवटादार वर्ग-१' लिहिताना मित्र अडला. म्हणाला, "क्लास वन लिहिलं तर त्यायले पहिलीचा वर्ग वाटंन." त्याने खाली टीप दिली की जमीन विकायला सरकारची परवानगी लागत नाही असा पूर्ण मालक. पिकाच्या रकान्यात कापूस आणि तूर; ती नोंद मीच ई-पीक पाहणीत मोबाइलवरून केली होती, वावरात उभं राहून फोटो काढून.

मग 'इतर अधिकार' आले. तिथे सेवा सहकारी सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा चढलेला होता. रक्कम इथे लिहीत नाही. मित्राने पेन थांबवला. "हे पण लिहायचं?"

पूर्ण भाषांतर म्हणजे पूर्ण. मी ताईला विचारलं. तिलाही धाकधूक वाटली: कर्ज पाहून त्यांना वाटलं की हा माणूस बुडवून पळाला आहे, तर? रात्री बाबांना विचारलं. ते म्हणाले, "लिहा रे. ज्याच्यावर सोसायटीचं कर्ज आहे तो माणूस गावाबाहेर किती दिवस राहील?" मला वाटतं परदेशात कोणाला हे पटणार नाही. पण आमच्याकडे कोणालाही विचारा. सोसायटीच्या सचिवाची गाडी दिसली की माणूस बाभळीमागे जाईल, पण जिल्हा सोडणार नाही. मार्चअखेर भरणा करायचा आणि पुन्हा उचल करायची, हे चक्र आहे. त्यातून उठून कोणी जात नाही.

घराचा नमुना आठ आणि टॅक्स पावती ग्रामपंचायतीतून मिळाली. ग्रामसेवक तीन गावांना मिळून एक, तो मंगळवारी भेटला. रेशन कार्डाचीही प्रत ताईने मागितली, घरात मागे कोण कोण आहे ते दाखवायला. त्याचं भाषांतर मित्राने पाच मिनिटांत केलं. माझं नाव तिसऱ्या ओळीत, नातं: मुलगा. एवढ्या गठ्ठ्यात मी तेवढाच होतो. बाबा परत का येणार याची कारणं पेन्शन, जमीन, कर्ज, घर अशी लागली आणि मी आपला तिसऱ्या ओळीत. मनात थोडं खटकलं, खोटं कशाला बोलू? नंतर पत्राची शेवटची प्रत पाहिली. त्यात बाबांनी एक वाक्य जास्तीचं घातलं होतं: मृग नक्षत्राला पेरणी सुरू होते आणि माझा मुलगा एकटा आहे.

त्या पत्राबद्दल सांगायलाच हवं. पहिला मसुदा बाबांनी मराठीत लिहिला, चार पानं, शाई पेनाने. सुरुवात अशी: "मा. महोदय, सविनय विनंती अर्ज करण्यात येतो की". रजेचा अर्ज लिहायची तीस वर्षांची सवय. त्यात एडिसनच्या ग्रंथालयाचं कौतुक होतं, तिथल्या शिस्तीचं होतं आणि दुसऱ्या पानावर 'आमच्या असण्याने मुलीला घरकामात व नातीला सांभाळण्यात मदत होते' असंही होतं. ताईने ते वाक्य काढलं. पाहुणा म्हणून आलेल्याने काम करायचं नसतं, आणि असं वाक्य तिकडच्या अधिकाऱ्याने भलत्या अर्थाने घेतलं तर पंचाईत. शिवाय राहायचं खरं कारण ते नव्हतंच. कारण मनगट होतं. चार पानांचं एक पान झालं. बाबांना ते आवडलं नाही. त्यांच्या मते इतक्या त्रोटक अर्जाला उत्तरही त्रोटकच येतं.

किती दिवस मागायचे यावरही चर्चा झाली. सहा महिन्यांपर्यंत मागता येतात. भाटवे म्हणाले, मागताच आहोत तर सहा मागू. ताई म्हणाली, डॉक्टरांची चिठ्ठी मेपर्यंतची आणि आपण मागणार सप्टेंबरपर्यंत, हे जुळत नाही. १५ जून मागितली. तिकीट २८ मेचं करून तेही जोडलं.

२४ फेब्रुवारीच्या रात्री, म्हणजे माझ्या २५ च्या सकाळी, अर्ज गेला. आईने डाव्या हाताने माऊस दाबला असं ताई सांगते. लगेच पावती नंबर आला, आयओई या अक्षरांनी सुरू होणारा. काही दिवसांनी टपालाने पावतीचं पत्रही आलं. बोटांच्या ठशांसाठी कोणी बोलावलं नाही.

मग काही झालं नाही. हेच या प्रकरणातलं सगळ्यात लांब प्रकरण आहे.

ताई रोज साइट बघायची. अर्ज मिळाला, एवढंच लिहिलेलं. ९ मार्चला तिकडची घड्याळं एक तास पुढे गेली, आमचं साडेदहा तासांचं अंतर साडेनऊ झालं, आणि तेवढीच काय ती हालचाल. १३ मार्चला गावात होळी पेटली. पोट्ट्यांनी कोणाच्या तरी वावरातली पऱ्हाटी उपटून आणली होती, तिच्यावरून भांडण चाललं होतं. मी पूजा करून घरी येऊन फोन लावला. तिकडे दुपार. बाबा म्हणाले, "आज आमची मुदत संपली रे."

मुदत संपली आणि उत्तर आलेलं नाही, तर माणूस तिथे कोणत्या नात्याने असतो? मास्तरांना हा प्रश्न सुटत नव्हता. ताईने तीन-तीनदा समजावलं: अर्ज वेळेत दिला आहे, तो विचाराधीन आहे, तोवर इथे थांबता येतं आणि ते दिवस बेकायदा धरले जात नाहीत. नामंजूर झाला तर मात्र ताबडतोब निघायचं, बेकायदा दिवस त्यापुढे मोजले जातात. बाबांना 'विचाराधीन' हा शब्द कळला. बदलीचा अर्ज असाच त्यांचा अकरा वर्षं विचाराधीन होता. तरी त्यांनी पावतीची झेरॉक्स चार घड्या करून शर्टाच्या खिशात ठेवायला सुरुवात केली. संध्याकाळी फिरायला निघाले की आधी चष्मा, मग खिशावर हात. व्हिडिओ कॉलवर तो खिसा मला दिसायचा. एकदा ताईने शर्ट धुवायला टाकला आणि पावतीचा लगदा झाला, तर दुसरी काढेपर्यंत ते दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत.

आईचं वेगळंच चाललं होतं. फिजिओथेरपीत तिला हिरव्या रंगाचा मऊ गोळा दाबायला दिला होता. ती तो कणकेसारखा तिंबायची. थेरपिस्ट बाई म्हणाली, फार छान. आईने ताईकरवी विचारलं की याच्या पोळ्या कधी करायच्या. मेच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरांनी प्रवासाला हरकत नाही असं लिहून दिलं. मूठ पूर्ण वळत नव्हती, पण वेलची सोलता येत होती.

उत्तराची वाट पाहत थांबायचं की निघायचं? अर्ज प्रलंबित असताना देश सोडला तर मुक्काम वाढवून मागायचं कारण उरत नाही, पण वेळेत दिलेला अर्ज असल्याने मुदतबाह्य राहिल्याचा ठपका येत नाही. पावती, पत्र, तिकिटं, बोर्डिंग पास जपून ठेवायचे, कारण पुढच्या वेळी विमानतळावर विचारू शकतात. आई म्हणाली, "मले घरी येयाचं हाये. त्यायचं उत्तर त्यायच्यापाशी राहू दे." २८ मेला निघाले.

नागपूरला उतरले तेव्हा नवतपा लागलेला, पण आभाळ भरलेलं. त्या वर्षी मॉन्सून मुंबईत २६ मेलाच पोचला होता आणि आमच्याकडेही अवकाळीने ढेकळं भिजली होती. बाबा गाडीत बसल्याबसल्या पहिलं बोलले ते पेरणीचं नाही. "आधी बँकेत चल."

तसं जमलं नाही, रात्र झाली होती. दुसऱ्या दिवशी साडेदहाला आम्ही शाखेत. काउंटरवरचा पोरगा नवीन, बाबांना ओळखत नव्हता. त्याने पेन्शन खात्याचा नंबर टाकला, स्क्रीनकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. "काका, नोव्हेंबरात का नाही आले?"

"बाहेरगावी होतो," बाबा म्हणाले.

अंगठा लावायचं यंत्र दोनदा नाही म्हणालं. तिसऱ्यांदा पोराने रुमाल पुढे केला, बाबांनी अंगठा पुसला, आणि यंत्राने त्यांना हयात मानलं. पुढच्या महिन्यात थकबाकीसकट पेन्शन जमा झाली. सोसायटीचं व्याज मी मार्चमध्ये उसने पैसे घेऊन भरलं होतं, ते त्यांनी त्याच दिवशी फेडून टाकलं आणि मला न विचारता एक नवी ताडपत्रीही आणली.

जुलैच्या शेवटी आम्ही डवरणीला होतो. ताईचा मेसेज आला, सोबत पत्राचा फोटो. अर्ज मंजूर. दोघांनाही १५ जून २०२५ पर्यंत राहण्याची परवानगी.

मी तो धुऱ्यावर बसलेल्या आईला वाचून दाखवला. तिने तारीख पुन्हा विचारली. मग डाव्या हाताने उजवं मनगट चोळत म्हणाली, "इथून छापून आण त्याले. एक्स-रेच्या पिशवीत ठेवतो. पुढच्या वेळी दारात इचारलं तं दाखवता येते."